एक नंबरचं टोकन

आत्या, तुझं मडकं तरंगलं. चूक माझी.

अस्थी सोडताना मडक्याच्या तोंडावरचं फडकं आधी सोडायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पंचावन्न वर्षांच्या घोड्याला ते सांगावं लागेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. भाट्याच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर काढून मडकं फेकलं. डोळे उघडले, तर तू असोल्या नारळासारखी डुलत डुलत माझ्याकडेच येत होतीस. पुन्हा फेकलं. पुन्हा आलीस. तिसऱ्या खेपेला लाटेबरोबर माझ्या आधी किनाऱ्याला लागलीस. गुरुजी वाळूतून ओरडले, "अहो नंदूभाऊ, फडकं! फडकं!" मी खिशातला रुमाल काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटी रुबीना पुढे झाली. तुझ्या सकाळच्या पोहण्याच्या बॅचमधली पहिली मुलगी, आता स्वतः दोन मुलांची आई, नर्स आहे. तिने माझ्या हातातून मडकं घेतलं, अंगावरच्या सलवार-कमीझसकट पाण्यात शिरली आणि एका हाताने पोहत पार लाटांच्या पलीकडे गेली. तिथे तिने फडकं सोडलं आणि तुला सावकाश खाली जाऊ दिलं, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं. परत आल्यावर केस पिळत म्हणाली, "काका, आत्यांच्या घरात वाढलात आणि पोहायला नाय शिकलात?"

काय सांगणार? आपल्या जांभ्याच्या विहिरीवर माझ्या कमरेला असोले नारळ बांधून तू मला सात मे महिने पाण्यात सोडलंस. सातही मे महिने मी तुझ्या गळ्याला मिठी मारून होतो. "मेल्या, मला बुडवशील आणि स्वतः नारळांवर तरंगशील," म्हणायचीस. आठव्या वर्षी तू नारळ सोडलेस, सोलून सोलकढी केलीस, आणि माझा विषय संपला.

तर, तू परत परत का येत होतीस याला गुरुजींचं कारण फडकं हे आहे. माझं कारण वेगळं आहे. तुझं एक काम राहिलं होतं, आणि ते करायला मागे उरलो होतो एकटा मी. मला बघून तुला जावंसं वाटेना, यात नवल काय!

पेपरात तुझ्यावर आलं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. जिल्ह्यातून राज्याच्या स्पर्धेला गेलेली पहिली मुलगी, उंच फळीवरून सूर मारणारी पहिली, अमुक पदकं, तमुक सत्कार. सगळं खरं आहे. फक्त शेवटचा शब्द वाचून मी पेपर घडी करून खाली ठेवला. 'अजातशत्रू.' आत्या, तू आणि अजातशत्रू? तुझे शत्रू दोन होते. पहिल्याचं नाव मला कळून आता वर्ष झालं. दुसऱ्याचं नाव त्याच संध्याकाळी कळलं, पाच मिनिटांनी.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी भाईंचा फोन आला. जलतरण मंडळाचे अध्यक्ष भाई, वय ब्याऐंशी, कानाला यंत्र, तरी फोनवर असे बोलतात की समोरच्याला यंत्र लागावं. "नंदू, लीला गेली रे! धाकट्या बहिणीसारखी होती मला! रविवारी सकाळी आठला मंडळाच्या पोहण्याच्या टाकीवर शोकसभा ठेवलीय. कुटुंबातर्फे तू बोलायचंस. चार मिनिटं. आणि हे बघ, लोक रडवे झालेले असतील, तेव्हा तो तुझा टोकनाचा किस्सा सांगच. लीलाला फार आवडायचा."

"सांगतो," मी म्हटलं.

कुणी माणूस आपण होऊन, आवाज चढवून, स्वतःच्या मानेवर ठेवायची सुरी आपल्या हातात देतो, असं आयुष्यात एकदाच घडतं.

ज्यांनी तो किस्सा ऐकलेला नाही असे रत्नागिरीत फार नसतील, कारण मी कुणाला सोडलेलं नाही. मुंजी, साखरपुडे, सत्यनारायण, एकदा तर एका बारशाला बाळ झोपलेलं असताना. तरी एकदा सांगतो, तुला नव्हे, वाचणाऱ्यांना.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बँकेत कारकून. त्यांच्या तरुणपणी भाट्याच्या किनाऱ्यापासून मांडवीच्या जेटीपर्यंत समुद्रात पोहण्याची शर्यत व्हायची. पोहणारे जेटीला पोचतात ते घोळक्याने, ओले, धापा टाकत; कोण कितवा हे टिपायचं कसं? कागद भिजतो, शाई फुटते. दादांनी डोकं चालवलं. तेव्हा बँकेत चेक दिला की पितळेचं नंबर ठोकलेलं टोकन मिळायचं, नंबर पुकारला की पैसे. दादांनी ती टोकनं शर्यतीसाठी मागून आणली. जेटीच्या शेवटच्या पायरीवर ते बसले. पायरीला ज्याचा हात आधी लागेल त्याला एक नंबर, मग दोन, मग तीन. एकदम चोख व्यवस्था. आणि पहिला पोहणारा आला, दादा वाकले, आणि एक नंबरचं टोकन हातातून निसटून डुबुक!

इथे लोक हसायला लागायचे. मग मी बँकेचे मॅनेजर करायचो, नाकातून बोलणारे. "बँकेची मालमत्ता आपण समुद्रात जमा केलीत, त्याची पावती आहे का?" दादांनी लेखी खुलासा दिला: 'माझ्या हातून निसटले.' नवं टोकन काही आलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्या शाखेत सकाळी दार उघडल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला दोन नंबरचं टोकन मिळायचं. एक पेन्शनर आजोबा पहिला नंबर लागावा म्हणून सातपासून पायरीवर बसायचे. ते बिचारे दोन नंबरवरच गेले. आणि शेवटी मी म्हणायचो, "त्यामुळे मंडळी, बाजारात सुरमई घेतलीत तर पोट नीट बघून घ्या. आत एक नंबर निघाला, तर आधी आमच्या दादांना कळवा!"

टाळ्या. हशा. पुन्हा एकदा सांग म्हणून आग्रह.

त्या किश्शात पहिलं कोण आलं होतं, हे कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही. किस्सा सांगणाऱ्याला शर्यतीशी काय करायचंय? त्याला टोकनाशी काम.

गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला मी तो नेहमीसारखा रंगवला. पाहुणे गेले. मागच्या पडवीत तू फणसाच्या आठळ्या सोलत बसली होतीस, मी खुर्चीवर पाय सोडून, यशस्वी कलावंतासारखा. तू वर न बघता म्हणालीस, "नंद्या, टोकन निसटलं नव्हतं."

"मग?"

"मी फेकलं."

मला वाटलं तू माझ्या किश्शाला नवा शेवट सुचवते आहेस. चांगला आहे, असंही मी म्हणालो बहुतेक. तू आठळीचं साल माझ्या अंगावर मारलंस.

मग तू सांगितलंस. तू एकोणीस वर्षांची. शर्यतीत बावीस पुरुष आणि तू. पोहण्याचा पोशाख कुठे मिळत नव्हता, म्हणून आजीने आजोबांच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड उसवून शिवलेला. "भिजला की पापडासारखा वाजायचा," म्हणालीस. पायरीला पहिला हात तुझा लागला. दादांनी एक नंबर तुझ्या तळहातावर ठेवला. "त्याचा हात थरथरत होता, आनंदाने. ते मी त्याला आजही नाकारत नाही." तू पायरीवर बसून कुडकुडत होतीस, टोकन मुठीत. बऱ्याच वेळाने दुसरा आला तो भाई. दोन नंबर घेऊन तुझ्या शेजारी बसला.

वर जेटीवर कमिटीची कुजबुज झाली. दादांना वर बोलावलं. ते परत खाली आले ते तुझ्याकडे न बघता.

"लीला, ते टोकन दे. तुला बायकांचं वेगळं बक्षीस आहे."

"बायका कुठायत? मी एकटीच तर आहे."

"म्हणून तर पहिली आहेस."

आत्या, हे वाक्य मी त्या रात्रीपासून हजार वेळा मनात म्हणून पाहिलं. माझ्या बापाचं ते वाक्य. मी जन्मभर विनोद करतो, पण एवढा काळा विनोद मला कधी सुचला नाही.

आणि भाई? तो शेजारीच होता. त्याने नुसतं "राहू दे" म्हटलं असतं तर संपलं असतं. "त्याने काय केलं माहितेय? आपला दोन नंबर दादाच्या हातात परत दिला, आणि हात तसाच पसरून बसला. एक नंबर मिळायची वाट बघत. माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत."

तेव्हा तू उठून उभी राहिलीस, जेटीवरच्या सगळ्या टोप्यांकडे पाहिलंस, आणि टोकन फेकलंस. जेटीच्या पुढे, खोल पाण्यात. म्हणालीस, "ज्याला पहिलं यायचंय त्याने बुडी मारून काढावं."

कुणी मारली नाही. तेवढ्या खोल बुडी मारणारं तिथे एकच माणूस होतं, आणि ते छत्रीच्या कापडात उभं होतं.

तुला बक्षीस मिळालं ते पुरणयंत्र. पितळी, तीन जाळ्यांचं. तू ते घरी आणून स्वयंपाकघरात ठेवलंस आणि आयुष्यात त्याला हात लावला नाहीस. आई लावायची. म्हणजे मी लहानपणापासून दर होळीला जी पुरणपोळी तूप घालून चापत आलो, ती त्यातून निघालेली. चार चार खायचो. मला तो अन्याय गोड लागत होता.

"पण दादांनी खुलाशात स्वतःवर घेतलं ना?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून. मुलगा होतो ना त्यांचा.

तेव्हा तुझा चेहरा मी प्रथमच तसा बघितला. "त्याचाच तर जास्त राग, मेल्या. 'माझ्या हातून निसटले.' पहिला नंबर नेला तो नेला. पण मी फेकलं होतं रे! सगळ्या गावासमोर, हात वर करून! तेसुद्धा त्याने माझं ठेवलं नाही."

आणि ते खुलाशातलं खोटं मी उचललं, त्याला मॅनेजर लावला, आजोबा लावले, सुरमई लावली, आणि पंचवीस वर्षं तुझ्याच समोर बसून तुला वाढलं.

मी उसळून उठलो. उद्याच भाईंकडे जातो म्हटलं. तू म्हणालीस, खाली बस. मी बसलो. पुढे वर्षभर आपला हा वाद चालला आणि तो मी जिंकलो नाही. तुझं म्हणणं साधं होतं. मंडळाच्या टाकीवर सकाळी सहा ते सात मुलींची बॅच, ही भाईने सेक्रेटरी असताना तुला दिलेली. देताना तो काही बोलला नाही, घेताना तूही नाही. पण कशाच्या बदल्यात काय हे दोघांनाही कळलं होतं. "तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी टाकीला कुलूप. त्या पोरींचा एकेक सूर बघितलायस? माझा राग त्यापुढे काय!"

"म्हणजे माफ केलंस?"

"माफ? शिंच्या, मी वाट बघतेय. मी मेले की बोल. बॅच आता रुबीना चालवते, चाळीस पोरी आहेत, पोरींच्या आया आहेत. आता कुलूप लावून दाखव म्हणावं."

"आणि दादांचं नाव?"

इथे तू आठळ्यांचं ताट घेऊन आत गेलीस. नंतर जेव्हा जेव्हा मी विचारलं तेव्हा तुला खोकला यायचा, किंवा कुणाचा तरी फोन. शेवटच्या आठवड्यातही विचारलं. तू म्हणालीस, "बाप तुझा आहे. तुझं तू बघ." आणि भिंतीकडे तोंड केलंस. आपल्या दोघांतलं ते तेवढं राहिलं.

रविवारपर्यंत मी भाषण सात वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात विशेषणंच दीड पान होती. माझी बायको, जिला तू 'मंगल' न म्हणता 'माझी बाई' म्हणायचीस, तिने ते वाचून परत दिलं. "शिव्या काढा. शिव्या दिल्या की लोक तुमचंच ऐकतील, आत्यांचं नाही." मी काढल्या. सातव्या मसुद्यात भाई पूर्ण होते. दादांच्या जागी मी लिहिलं होतं, 'एक पंच'. मंगलने ते दोन शब्द वाचले, माझ्याकडे बघितलं आणि कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला. भिंतीवर दादांचा फोटो होता, हार घातलेला. जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. मेलेल्या माणसाला कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. तूही मेलेलीच आहेस, हे तेव्हा सोयीने विसरलो.

निघताना स्वयंपाकघरातून एक वस्तू पिशवीत घातली, मंगलचं लक्ष नसताना.

टाकीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तुझ्या बॅचच्या मुली आणि बायका सहालाच येऊन तुझ्या नावाने पोहून बसल्या होत्या, खांद्यावर ओले टॉवेल. एक तर सावर्ड्याहून पहाटेच्या गाडीने आलेली. तुझा फोटो होता मतदार ओळखपत्रावरचा, मोठा केलेला, डोक्यावर पदर. जिने आयुष्य पाण्यात काढलं तिचा फोटो ठणठणीत कोरडा. आणि त्याच्या बरोबर वर, कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवर, ती लाकडी पाटी. 'सागरी जलतरण – विजेते.' सोनेरी अक्षरं. पहिली ओळ, भाईंचं नाव.

भाई रडले. खरंच रडले, मी नाकारत नाही. धाकटी बहीण म्हणाले, कोकणची जलकन्या म्हणाले. "त्या काळात, त्या शर्यतीत लीला महिलांमध्ये पहिली आली होती!" टाळ्या. मग जाहीर केलं: तुझ्या स्मरणार्थ दरवर्षी मुलींसाठी एक चषक. उत्तेजनार्थ.

उत्तेजनार्थ! आत्या, तोपर्यंत बोलू की नको, हे माझं ठरत नव्हतं. त्या एका शब्दाने ते ठरलं. त्याबद्दल मी भाईंचा ऋणी आहे.

मी उठलो आणि किस्सा सुरू केला, नेहमीसारखा. बँक, टोकनं, पायरी. लोक आधीच हसायला लागले, पाठ होता त्यांना. मी मॅनेजर केले. आजोबा केले. भाई तर डोळे पुसत हसत होते. इतका रंगला की क्षणभर मला मोह झाला, सुरमईवर संपवावं, नमस्कार करावा, चहा घ्यावा. हे तुला सांगतोय, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मग मी म्हटलं, "हे सगळं खोटं आहे. टोकन निसटलं नव्हतं. लीलाआत्याने ते फेकलं, कारण पहिली ती आली होती, आणि एका पंचाने ते तिच्याकडून काढून दुसऱ्या आलेल्याला द्यायचं ठरवलं. दुसरा आलेला आज इथे अध्यक्षस्थानी आहे."

भाईंनी माइक ओढून घेतला. चेहरा लाल. "जे झालं ते नियमाने झालं! बायकांचं वेगळं धरायचं होतं. आणि काय रे, एक पंच, एक पंच काय करतोस? कोण पंच? नाव घे की! घशात का अडकलं?"

अडकलं होतं. चार मिनिटं केव्हाच संपली होती. तिसऱ्या रांगेत मंगल होती, ती मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. मदतीला कुणी येणार नव्हतं. तुझ्या फोटोकडे बघितलं, तर तो मतदार यादीतला, तोही निर्विकार.

"माझे वडील," मी म्हटलं. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हटलं. "माझ्या वडिलांनी टोकन मागितलं. बँकेला निसटलं म्हणून खोटं लिहून दिलं. आणि ते खोटं पंचवीस वर्षं मी तुम्हाला हसवत हसवत ऐकवलं. आता नाव घेऊन झालं, भाई. आता तुमची पाळी. जेटीच्या पायरीला आधी हात कुणाचा लागला?"

भाईंनी कानाचं यंत्र चाचपलं. "असं आहे, हा विषय आपण कमिटीत ठेवू."

मागून रुबीनाचा आवाज आला. "काका, त्यांना ऐकू नाय आलं वाटतं. परत विचारा."

परत विचारलं.

"आम्हालाही नाय आलं," सावर्ड्याची म्हणाली. "परत."

तिसऱ्यांदा विचारलं. भाई पाण्याकडे बघत होते, टाकीतल्या. तू सांगितलं होतंस तसेच. मग पुटपुटले, "तिचा."

माइक चालू होता. टाकीच्या चारी भिंतींवरून तो शब्द फिरून आला. तिचा. तिचा. मी पिशवीतून पुरणयंत्र काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मग हे तुमचं. दुसऱ्या नंबरचं."

कुणी हसलं नाही. हे माझ्या आयुष्यात प्रथमच झालं आणि मला चाललं.

रुबीना तोपर्यंत खुर्ची घेऊन भिंतीपाशी पोचली होती. चढली आणि खांद्यावरचा ओला टॉवेल त्या पाटीच्या पहिल्या ओळीवर टाकला. भाई ओरडले, "अगं, रंग जाईल!"

"त्यासाठीच टाकलाय, भाई," ती म्हणाली आणि खाली उतरली.

शोकसभा पुढे चालली. पाच जण बोलले, सगळ्यांनी त्या टॉवेलखाली उभं राहून. एकानेही त्याच्याकडे वर पाहिलं नाही आणि एकानेही तो काढला नाही. अजून तिथेच आहे. बॅचच्या मुलींनी पाळी लावली आहे, वाळला की दुसरा ओला टाकायचा. चषकाचं काय झालं, म्हणशील. मंडळाचं पत्र आलं, 'उत्तेजनार्थ' शब्द गाळला आहे. मी उलट टपाली कळवलंय, चषक नको. ती ओळ खरवडा, आणि तिथे तुझं नाव घाला, वेगळ्या यादीत नव्हे, त्याच यादीत, सगळ्यांच्या वर. तोपर्यंत दर आठवड्याला एक पत्र. टपालखर्च मी सोसतो.

सूड घेतल्यावर मन शांत होतं म्हणतात. मला सडकून भूक लागली. आणि एक सांगतो: भाई खुर्चीतून उठले तेव्हा दोघांना त्यांना धरावं लागलं, पुरणयंत्र कुणीतरी काढून घेतलं. मी ते सगळं बघितलं आणि मला दया आली नाही. यावी म्हणून थांबलो होतो जरा. छत्रीच्या कापडात कुडकुडणारी एकोणीस वर्षांची मुलगी दिसत राहिली. दादांचा फोटो मी भिंतीवरून उतरवला नाही, तेवढी छाती नाही माझी. पण रविवारी हार बदलायचा असतो, तो बदलला नाही. सुकू दे.

तुझं मात्र देणं फिटत नाही. तू मला पोहायला शिकवू शकली नाहीस, पण पंचवीस वर्षं माझ्यासारख्या बडबड्याला चारचौघांत खोटं पाडलं नाहीस. मला मोठेपणी लोकांत जी काही किंमत आहे ती त्या एका किश्शाची. तुझा पहिला नंबर विकून मी ती कमावली, आणि तू मला ती कमावू दिलीस.

त्या रविवारी सभेहून घरी आल्यावर मी चपला काढत मंगलला म्हटलं, "आत्या आज असती तर हसली असती. किस्सा सांगताना समोर बसून नेहमी हसायची तशी."

मंगल पंख्याच्या बटणाकडे जात होती, ती थांबली.

"नेहमी?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही सुरुवात केलीत की सगळे तुमच्याकडे बघायचे. मी आत्यांकडे बघायचे. टोकन हातातून निसटायची वेळ आली की त्या उठायच्या. कुणाला पाणी हवंय का, म्हणून आत जायच्या. तो शेवट त्यांनी एकदाही ऐकलेला नाही. आणि तुम्ही एकदाही त्या परत येईपर्यंत थांबला नाहीत."